नववी बरोबरी

स्तेपान गुसेव नेमका कोणत्या जागेवर खेळतो, हे ओल्खोव्स्क शहरात कोणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. उजवा बॅक आजारी पडला की स्तेपान उजवीकडे, डाव्यावर बंदी आली की डावीकडे, स्टॉपरचा गुडघा गेला की मधोमध. एकदा गोलकीपरच्या डोक्याला लागलं तेव्हा वीस मिनिटं त्याने जाळ्यासमोर काढली होती आणि गोलही खाल्ला नव्हता. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचा हा संघ, नाव ‘मोतोर’. चौदा वर्षं तिथे एकच शिरस्ता: जिथे भोक पडेल तिथे गुसेव. शहराने त्याचं नावच ‘बूच’ ठेवलं होतं. त्याचं पोस्टर कधी कुठे लागलं नाही. बुचाचं कौतुक कोण करतो? बाटली सांडली की तेवढी आठवण येते.

खेळही तसाच, डोळ्यांत न भरणारा. धसमुसळेपणा नाही, आडवं पडून पाय घालणं नाही. समोरचा कुठे घुसणार हे त्याला आधी कळे आणि तो आधीच तिथे जाऊन उभा राही, रांगेत नंबर लावल्यासारखा. कसं कळतं, असं कोणी विचारलं तर म्हणे, “मला भीती वाटते. जिकडून वाटते तिकडे जातो.” लोक हसत. तो मात्र थट्टा करत नसे.

त्याला असा घडवला तो ज़खार लुकिच बेस्सोनोव या प्रशिक्षकाने. सगळे नुसतं लुकिच म्हणत. एकसष्ट वर्षांचा, बुटका, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया, आणि तोंडात शिव्यांचा साठा असा की ओतकाम खात्यातले कामगारही मान खाली घालत. पोरसवदा स्तेपानला त्याने दोन वर्षं दर महिन्याला वेगळ्या जागेवर खेळवलं. स्तेपान कुरकुरला तेव्हा म्हणाला, “गाढवा, एकच जागा येणाऱ्याला संघातून काढणं सोपं असतं. तुला काढताना त्यांना चार माणसं शोधावी लागतील.” स्तेपानचे वडील युद्धातून परत आले होते ते खोकत, आणि लवकरच गेले होते. त्यामुळे लुकिचच्या शिव्या त्याला गोड लागत, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

आता त्या रविवारची गोष्ट. एकोणऐंशी सालचा नोव्हेंबर, हंगामाचा शेवटचा सामना, तोही परक्या मैदानावर, समुद्राकाठच्या शहरात. दोन्ही संघ तळाशी. एकजण वरच्या लीगमध्ये राहणार आणि एकजण खाली जाणार, हे त्याच दिवशी ठरणार होतं. शिवाय त्या काळी एक नियम होता. संघ आपसात ठरवून बरोबऱ्या करतात म्हणून वरच्या शहाण्यांनी मर्यादा घातली होती: हंगामात आठ बरोबऱ्यांना एकेक गुण मिळेल, नववीपासून भोपळा. ‘मोतोर’च्या आठ संपल्या होत्या. समोरच्यांच्या सहाच झाल्या होत्या. म्हणजे बरोबरी झाली तर ते तरणार आणि ‘मोतोर’ बुडणार. जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लुकिचने कपडे बदलायच्या खोलीत हे तीनदा बजावलं, आणि स्तेपानने, तो कर्णधार होता, तीनदा मान डोलावली.

पण तो सामनाच विचित्र झाला. स्तेपान उजवीकडे उतरला. विसाव्या मिनिटाला स्टॉपरला स्ट्रेचरवर नेलं, स्तेपान मध्ये आला. दुसऱ्या अर्ध्यात मधल्या फळीतल्या एकाला रेफ्रीने बाहेर काढलं, स्तेपान पुढे सरकला. शेवटच्या दहा मिनिटांत डावा बॅक लंगडायला लागला, स्तेपान डावीकडे. एकेक गोल झालेला. तीस हजार माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि त्याच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की आता कोणती कड उघडी आहे, कोण कुठून येतोय.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याने चेंडू काढून घेतला. पुढे अख्खं मैदान मोकळं होतं, आपला विंगर दोन्ही हात हलवत होता. आणि स्तेपानने चेंडू सरळ प्रेक्षकांत भिरकावला. मग खाली बसून बुटाची नाडी बांधली, सावकाश, आधी एक, मग दुसरी. परक्या मैदानावर, शेवटची मिनिटं, बरोबरी: एरवी एवढं पुरेसं असे. चौदा वर्षं याच मिनिटांसाठी त्याला खेळवलं होतं. लुकिच रेषेवर उड्या मारत काहीतरी ओरडत होता, पण त्या गदारोळात काय ऐकू येणार? शिट्टी वाजली. स्तेपानने दोन्ही हात वर केले आणि हसत हसत गोलकीपरला मिठी मारली.

गोलकीपर लाकडासारखा उभा राहिला. “बूच,” तो म्हणाला, “अरे, तू काय केलंस?”

तेव्हा त्याला आठवलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं. हात अजून वरच होते, आणि ते खाली कसे घ्यायचे हे त्याला सुचेना.

परतीचं विमान सुटलं. लुकिच शेजारी येऊन बसला, बिया सोलत राहिला, आणि अर्ध्या तासाने एवढंच विचारलं, “विसरलास?”

“विसरलो, लुकिच.”

“हं,” लुकिच म्हणाला. “माझी आई एकदा मला बाजारात विसरली होती.” आणि डोळे मिटून घेतले.

पण शहर काही लुकिच नव्हतं. सामना रेडिओवर ऐकला होता सगळ्यांनी. निवेदक म्हणाला होता, “आणि पाहुण्यांचा कर्णधार गुसेव हात उंचावून आनंद साजरा करतोय!” सोमवारी स्तेपान पावाच्या दुकानात गेला तर रांगेतल्या माना दुसरीकडे वळल्या. मागून एक बाई बोललीच, “किती दिले असतील रे तिकडच्यांनी?” कोणी तिला गप्प केलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चौदा वर्षं संघात असलेला कर्णधार मोजायचं विसरला, हे कोणाला पटणार? त्याला स्वतःलासुद्धा दुसऱ्या कोणाबद्दल पटलं नसतं.

संध्याकाळी निरोप आला: मंगळवारी अकरा वाजता, कारखान्याच्या पक्ष-समितीत, कॉम्रेड शुबिन यांच्यापुढे.

तेव्हापासून भीती त्याच्या मागे लागली. ती मैदानावरची भीती नव्हती; तिला दिशा असायची. ही कुठूनही येत होती. जन्मभराची बंदी. ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’चा किताब काढून घेणं. आणि मग खटला? खटलाही होऊ शकत होता. दक्षिणेतल्या एका संघाचे दोघे गेल्या वर्षी नाहीसे झाले होते, त्यांचं नाव आता कोणी घेत नव्हतं. कारखान्याच्या वसतिगृहात स्तेपान, त्याची बायको झोया आणि दीड वर्षांची लेक अशा तिघांना एक खोली होती, मजल्याच्या टोकाला एक चूल सगळ्यांत मिळून. सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या सणाला दोन खोल्यांचं घर मिळायचं होतं. सहा वर्षं यादीत नाव होतं. झोया पुन्हा पोटुशी होती.

“जे झालं ते सांग,” झोया सकाळी म्हणाली. ती लेकीला चमच्याने लापशी भरवत होती. “विसरलो म्हण. विसरणं हा काय गुन्हा आहे?”

“कोण विश्वास ठेवील, झोया?”

“मी ठेवते ना!”

“तू समितीत नाहीस.”

झोयाने चमचा ठेवला. “स्त्योपा, ते घर गेलं तर गेलं. पण तुला नेलं तर मी या दोघांना घेऊन काय करू?” असं म्हणून ती रडली नाही, आणि त्यामुळेच स्तेपान जास्त घाबरला. त्याला खोलीत बसवेना. नऊ वाजताच टोपी घालून तो बाहेर पडला आणि गोठलेल्या नदीच्या कडेने दोन तास नुसता चालत राहिला. काय बोलायचं त्याची मनाशी उजळणी करत होता. दर वेळी दुसऱ्याच वाक्याला त्याची बोबडी वळत होती.

शुबिन पक्ष-समितीचा सचिव. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. सामने जिंकल्यावर सगळ्यात आधी मिठी मारायला यायचा. आज तो उठला नाही. खिडकीपाशी करड्या स्वेटरमधला एक अनोळखी माणूस बसला होता. “मॉस्कोहून आलेत,” शुबिन म्हणाला. नाव सांगितलं नाही. त्या माणसाने स्तेपानकडे पाहिलं आणि नंतर शेवटपर्यंत त्याच्या बुटांकडेच पाहत राहिला.

टेबलावर एक फोटो होता. तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलेला. हात वर, तोंडभर हसू. इतका खूश स्तेपान आपल्या लग्नातही दिसला नव्हता.

“हे तूच ना?” शुबिनने विचारलं.

“मीच.”

“काय झालं म्हणून एवढा आनंद?”

“मी विसरलो होतो, कॉम्रेड शुबिन. नववी आहे हे विसरलो. परक्या मैदानावर बरोबरी म्हटल्यावर...”

खिडकीजवळचा माणूस नाकातून हसला. हसला म्हणजे नुसता श्वास सोडला, पण स्तेपानने वाक्य तिथेच सोडलं.

“बस,” शुबिन म्हणाला. “हे बघ, आपण शहाणी माणसं आहोत. मॉस्कोला असं लिहून पाठवू का मी? कर्णधाराला आठच्या पुढे मोजता येत नाही म्हणून? मला वेड्यात काढतील. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुला तिकडच्यांनी विकत घेतलं. मग हा विषय माझा राहत नाही, सरकारी वकिलाचा होतो.” तो थांबला. “नाहीतर तुला कोणीतरी सांगितलं. तू सांगकाम्या आहेस, अख्खं शहर जाणतं. डावीकडे जा म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. तुझा काय दोष?”

त्याने खणातून एक टाइप केलेला कागद काढला आणि स्तेपानपुढे सरकवला. चारच ओळी होत्या. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक बेस्सोनोव यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिकडच्यांशी बोलणं झालं आहे, बरोबरीवर सोडा. मी त्याप्रमाणे केलं. खाली रिकामी जागा.

“हे खोटं आहे,” स्तेपान म्हणाला.

“असेल. तू तिथे होतास, मी नव्हतो.” शुबिनचा आवाज आणखी मऊ झाला. “तो म्हातारा तसाही निघालाच आहे. जन्मभर खेळला, खेळवलं, पेन्शन घेईल. तुझं वय एकतीस. घराच्या याद्या आजच सहीला जायच्यात, माझ्याच टेबलावर आहेत. दुसरं मूल कधी आहे?”

“मार्चमध्ये.”

“मार्चमध्ये,” शुबिनने खिडकीकडे पाहत सांगितलं, जणू त्या माणसाने ते टिपून घ्यावं.

स्तेपानला माहीत होतं की लुकिचला पेन्शनचं काही पडलेलं नाही. मुलांच्या फुटबॉल शाळेत त्याला जागा देऊ केली होती, आणि गेला महिनाभर तो लहान मापाच्या बुटांबद्दल कारखान्याशी भांडत होता. शाळेच्या मैदानावर खडी टाकू नका, माती भुसभुशीत करा, म्हणून त्याने स्वतः कुदळ चालवली होती. हे सगळं स्तेपानला स्पष्ट आठवत होतं. नेमकं आता सगळंच आठवत होतं.

करड्या स्वेटरचा माणूस पहिल्यांदाच बोलला. “किती वाजले?”

“पावणेबारा,” शुबिन म्हणाला.

“मला बाराला फोन करायचाय.”

बस, एवढंच. फोन कोणाला, कशाबद्दल, काही नाही. पण स्तेपानची पाचावर धारण बसली. झोया चमचा खाली ठेवताना त्याला दिसली. दारावरची थाप, खोलीतली उलथापालथ, चुलीपाशी जमलेल्या शेजारणींचे चेहरे, सगळं एका झपाट्यात डोळ्यांपुढून गेलं. नाही म्हणायचं एवढंच काम होतं. तोंडात जीभ होती, शब्दही लहानसाच होता. पण आयुष्यात तो कधी कोणाला नाही म्हणाला नव्हता. तिकडे उभा राहा म्हटलं की तो राहिला होता, आणि आताही त्याला एक जागा दाखवली जात होती. लाज वाटत होती, पण भीती तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. त्याने पेन घेतलं. सही करताना हात अजिबात कापला नाही, याचंच त्याला नंतर सगळ्यात वाईट वाटलं.

“शाबास,” शुबिन म्हणाला. “जा आता. बाहेर काही बोलू नकोस.”

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात, टोकाच्या बाकावर लुकिच बसला होता. अंगात रविवारचा कोट, मांडीवर टोपी, टोपीत बियांची टरफलं. स्तेपानला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“आलास! अरे, कुठे उलथला होतास सकाळी? नऊ वाजता तुझ्या वसतिगृहावर जाऊन आलो. झोया म्हणाली, आत्ताच गेला. सगळा नदीकाठ शोधला, या पायांनी.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आत जायच्या आधी तुला सांगायला.” लुकिचने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दाखवला का त्यांनी तुला माझा कागद?”

“कुठला कागद?”

“नाही दाखवला? लबाड आहे शुबिन. सकाळी आठलाच देऊन आलो मी. माझ्या हाताने लिहिलाय. मोजण्यात माझी चूक झाली, आठवीच आहे असं समजून मीच पोरांना बरोबरी धरून ठेवायला सांगितलं. कळलं का? पैसा नाही, कट नाही, काही नाही. म्हातारा माणूस, आकड्यात चुकला. यावर कोण विश्वास ठेवणार नाही? शुबिनने दोनदा वाचला, म्हणाला, ठीक आहे लुकिच, विषय मिटला. तंबी देतील, बोनस कापतील, शाळा थोडीच काढून घेतात! पोरांना शिकवायला मोजता कशाला यायला हवं?” तो खुशीत हसला. “फक्त म्हणाला, गुसेवला विचारून घेतो. आता तू काही मला चोर ठरवणार नाहीस. फार तर विसरलो म्हणशील, गाढवासारखं खरं बोलशील. तेही चाललं असतं. दोन बावळट, एक म्हातारा, एक तरुण. बावळटांना कोणी तुरुंगात टाकत नाही.”

स्तेपानने भिंतीला हात टेकला.

“असा पांढराफटक का पडलास? फार दरडावलं का?” लुकिच उठून जवळ आला आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावू लागला. चौदा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. “झालं ना आता, सुटलो आपण. चल, माझ्याकडे चल. बायकोने खिमा भरून पेल्मेनी केल्यात, शंभर तरी असतील, तुझ्या नावाने मोजून केल्यात. झोयालाही बोलावू. काय म्हणालास तू आत?”

“लुकिच,” स्तेपान म्हणाला. “लुकिच, मी...”

दार उघडलं. शुबिन उंबऱ्यात उभा होता, आणि त्याच्या खांद्यामागून करडा स्वेटर दिसत होता. शुबिनने स्तेपानकडे पाहिलंच नाही.

“नागरिक बेस्सोनोव,” तो म्हणाला, “आत या.”

कॉम्रेड नाही. लुकिच नाही, ज़खार लुकिचसुद्धा नाही. नागरिक. पोलीसचौकीत आणि कोर्टात, आरोपीला हाक मारतात तसं. व्हरांड्यातून जाणारी एक टायपिस्ट ते ऐकून भिंतीला चिकटून चालू लागली.

लुकिचच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, नुसतं त्यातलं काहीतरी विझलं. त्याने शुबिनकडे पाहिलं, मग स्तेपानकडे. स्तेपानने नजर खाली वळवली. तेवढं पुरलं की नाही, म्हाताऱ्याला कळलं की नाही, हे स्तेपानला पुढे उभ्या जन्मात कधी समजलं नाही.

“धर हे,” लुकिच म्हणाला आणि बियांची टोपी त्याच्या हातात दिली. “थांब इथेच. मी आलोच. बरोबरच जाऊ.”

बाकापासून दारापर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. लुकिच हळू चालत होता, नदीकाठी शिणलेले पाय ओढत. स्तेपानला सगळं दिसत होतं. हाक मारायला वेळ होता. पुढे होऊन शुबिनला “तो कागद खोटा आहे” म्हणायला वेळ होता. इतका वेळ त्याला मैदानावर कधी कोणी दिला नव्हता. तो हललाच नाही. दार लागलं.

मग तो हलला. टोपी त्याने बाकावर ठेवली, टरफलं सांडू नयेत म्हणून जपून ठेवली, आणि जिन्याकडे निघाला. आधी चालत, मग भरभर, मग दोन-दोन पायऱ्या उतरत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काचेतून डोकं बाहेर काढलं.

“काय रे, सोडलं का तुला?”

“सोडलं,” स्तेपान म्हणाला, आणि म्हातारा बाहेर येईल या भीतीने वसतिगृहापर्यंत पळत गेला.